सव्वादोन केल्विनचा उंचवटा

पान एकशे त्रेचाळीसवरच्या आकृतीबद्दल तुमची स्वतःची खात्री किती होती, एवढंच त्या बाईंनी विचारलं होतं. धम्मप्रियाने ती मेल दोनदा वाचली, मोबाइल टेबलाच्या खणात ठेवला आणि समोर पाहिलं. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. पहिल्या टेबलावरची मुलगी मीटर ब्रिजच्या तारेवर जॉकीचं टोक टेकवत होती, उचलत होती, पुन्हा टेकवत होती. गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्याच्या अलीकडे-पलीकडे हलत होता. मुलीने मान वर करून विचारलं, मॅडम, हा पॉइंट बरोबर आहे का. परीक्षेत असं सांगायचं नसतं. तुला जे दिसतंय ते लिही, असं ती म्हणाली. दरवर्षी ती हेच म्हणायची, आठ वर्षं म्हणत आली होती, पण आज ते शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तिला खुर्चीत नीट बसवेना. ती उठली, खिडकीपाशी गेली. खाली कॉलेजच्या पटांगणात फेब्रुवारीचं कडक ऊन पडलं होतं, आणि अंगाला घाम असताना तिला एकदम बेंगळुरूच्या प्रयोगशाळेतली थंडी आठवली. ती थंडी कधी हाताला लागली नव्हती, नुसती आकड्यांत दिसायची.

मेल युरोपातल्या कुणा संशोधक बाईंची होती. धम्मप्रियाने पीएचडीला जे संयुग घेतलं होतं, तेच त्यांच्या गटाने नव्याने बनवलं होतं, त्यातून न्यूट्रॉनचा झोत सोडला होता, आणि त्यांना असं आढळलं होतं की सव्वादोन केल्विनच्या खाली, म्हणजे उणे दोनशे सत्तर अंशांच्याही खाली, त्यातले सेरियम या धातूचे अणू, म्हणजे त्या अणूंचे इवले इवले चुंबक, एका क्रमाने लागतात. जुनं सगळं साहित्य धुंडाळल्यावर ह्याची खूण एकाच ठिकाणी सापडली, भारतातल्या एका प्रबंधात. पान एकशे त्रेचाळीस, विशिष्ट उष्णतेचा आलेख, सव्वादोनपाशी एक लहानसा उंचवटा, आणि आकृतीखाली बारीक अक्षरात एक ओळ : तापमापीच्या विश्वासार्हतेबद्दल शंका असल्याने या उंचवट्याचा विचार केलेला नाही. तापमापी खरोखरच बिघडलेली होती का? बिघडलेली असेल तर हा योगायोग समजून आम्ही सोडून देऊ. नसेल, तर हे सर्वांत आधी तुम्ही पाहिलं, असं आम्हांला लिहायला आवडेल.

नऊ वर्षांत त्या प्रबंधाबद्दल तिला कुणी काही विचारलं नव्हतं. घरी संध्याकाळी तिने सतीशला सांगितलं. तिचा नवरा तहसील कचेरीत होता; दिवसभर सातबारे आणि वारसनोंदी करून यायचा, पण तिचं बोलणं नीट ऐकायचा. हे नेमकं काय आहे, असं त्याने विचारलं, आणि जुळे सोलापूरच्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढता काढता तिने त्याला समजावलं. बहुतेक स्फटिक असे असतात की मधल्या बिंदूतून आरपार गेलं की पलीकडे तसाच अणू भेटतो. तिच्या स्फटिकात तसं नव्हतं. सेरियमच्या वर एक धातू, खाली दुसरा. वर-खाली सारखं नाही. आणि त्यातून फिरणारे इलेक्ट्रॉन सेरियममध्ये इतके गुंततात की शेकडो पटींनी जड झाल्यासारखे वागतात. अशा ठिकाणी चुंबकांनी क्रम लावायचा म्हटलं तर तो सरळ लागत नाही, प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा किंचित वळतो. किती थरांनी पुन्हा पहिल्या दिशेला येतो, ते आता त्या लोकांनी मोजलंय. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपला आवाज बदललाय, आपण भराभर बोलतोय. सतीशच्याही ते लक्षात आलं असावं. त्याने हातातला टॉवेल घडी करून ठेवला आणि साधंच विचारलं, मग तेव्हा का नाही सांगितलंस? तापमापीचा सेन्सर खराब होता, ती म्हणाली. कोण म्हणालं खराब होता? विरुपाक्षण्णा, ती म्हणाली, आणि हे नाव आपण कित्येक वर्षांत उच्चारलंच नव्हतं, हे तिला कळलं.

बेंगळुरूच्या त्या संस्थेत द्रवरूप हेलियम बनवायचा कारखाना होता, आणि तो विरुपाक्ष चालवायचे. वळसंगचा माणूस, तिशीत तिकडे नोकरीला गेलेला. कानडी तर घरचीच, मराठीही घरची. पहिल्या आठवड्यात ती रिकामं नळकांडं ढकलत त्यांच्याकडे गेली आणि मोडक्या इंग्रजीत काहीतरी म्हणाली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहून विचारलं होतं, कुठल्या गावच्या तुमी? कुंभारीची म्हटल्यावर ते हसले, आणि नाव सांगितल्यावर क्षणभर थांबले. तो क्षण तिला ठाऊक होता, लहानपणापासूनच्या ओळखीचा; त्याची वाट पाहायची तिच्या अंगाला सवय होती. पण तो गेला आणि ते म्हणाले, या, च्या घ्या, आणि स्वतःच्याच कपासारख्या दुसऱ्या कपात चहा ओतला. नंतरची पाच वर्षं ती सगळ्यांशी इंग्रजीत बोलली, चुका करत, चुका झाल्या की रात्रभर जिभेवर त्या घोळवत. फक्त त्या पंपांच्या घरघराटात, तेलाच्या वासात, ती आईशी बोलायची तसं बोलू शकायची. कुटं ठेवू, हितं का तितं. ह्यो ग्यास लई मोठ्या घरचा हाय तायी, हातात ऱ्हात न्हाय, असं ते म्हणायचे. पुस्तकात हेलियम ४.२ ला उकळतो, पण बेंगळुरू समुद्रापासून उंच, हवेचा दाब कमी, त्यामुळे इथे तो ४.१ लाच उकळतो, हे तिला कुठल्या प्राध्यापकाने नाही, त्यांनी शिकवलं होतं. सेन्सर बसवायचा, त्याच्या केसासारख्या तारा सोल्डर करायच्या, हे कामही त्यांचंच. थरथर नसलेला तसा हात तिने दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता.

उंचवटा दिसला तो दुपारी, साडेचारच्या सुमाराला. पंपाने हेलियमवरची वाफ खेचून खेचून तापमान उतरवत आणलं होतं, पडद्यावर एकेक ठिपका पडत होता, ओळ उतरत होती, आणि सव्वादोनपाशी ठिपके वर चढले. सहा ठिपके. मग पुन्हा उतरले. तिने फक्त टेबलाची कड धरली होती. विरुपाक्ष शेजारी उभे होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्या चार-पाच मिनिटांत त्या खोलीबाहेर सगळ्या जगात कुणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट तिला ठाऊक होती. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, नोकरी पक्की झाली. त्या सगळ्यात सुख होतंच, पण तसं पुन्हा कधी वाटलं नाही. उंचवटा दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मार्गदर्शक सरांनी आलेख पाहिला. ह्या संयुगात क्रम लागत नाही असं त्यांनी पूर्वी छापलेलं होतं, तरी ते तडक नाही म्हणणारे नव्हते. पुन्हा मोजू, असं म्हणत त्यांनी विरुपाक्षांना बोलावलं. आणि विरुपाक्ष म्हणाले, सेन्सरचं सोल्डर ढिलं झालंय सर, मी काल पाहिलं. सरांनी मान हलवली, आलेख बाजूला ठेवला. कारखाना देखभालीसाठी सहा आठवडे बंद होणारच होता. तिच्याकडे वेळ नव्हता. दोनच दिवसांपूर्वी आईचा फोन आला होता, बाबांना अर्धांग झालंय, उजवी बाजू गेली. संध्याकाळच्या गाडीचं सोलापूरचं तिकीट तिच्या पर्समध्ये होतं. ती आली, आणि मग प्रबंध लिहिला तो सोलापुरातच, सरकारी दवाखान्याच्या बाकावर आणि कुंभारीच्या खोलीत. परत गेली ती तोंडी परीक्षेपुरती. सरांनी पुढच्या कामासाठी दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा तिने उत्तरही पाठवलं नाही.

शनिवारी तिने कपाटावरची पत्र्याची पेटी काढली आणि तळाची जुनी नोंदवही शोधली. त्या दिवशीचं पान सापडलं. निळ्या शाईतलं स्वतःचं अक्षर, आताच्यापेक्षा लहान, घाई नसलेलं. मोजमाप संपल्यावर पंप बंद केला, दाब पूर्ववत झाला, हेलियम साधेपणाने उकळू लागला, तेव्हा सेन्सरने किती दाखवलं ते तिने लिहून ठेवलं होतं. ४.११. जेवढं दाखवायला हवं तेवढंच. ती वही मांडीवर घेऊन तिथेच बसली. एका ठिकाणी बरोबर म्हणजे सगळीकडे बरोबर असं काही नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. ढिला सांधा कधी धरतो, कधी सोडतो. विरुपाक्षांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि ते म्हणाले असतील तर तेव्हा वेगळं काही करण्यासारखं नव्हतंच; सगळं जसं व्हायचं तसं झालं. ते त्यांच्या तोंडून एकदा ऐकावं, असं तिला फार वाटू लागलं. निवृत्त होऊन ते वळसंगला परतल्याचं तिच्या कानावर होतं. पंचवीस किलोमीटरवर होते ते, इतकी वर्षं.

रविवारी सकाळी ती स्कूटरने निघाली. अक्कलकोट रस्त्याला लागल्यावर कुंभारी आली; उजवीकडे कामगारांच्या घरांच्या सारख्या सारख्या रांगा, त्यांतल्या एका घरात आई. परतताना थांबू म्हणून ती पुढे गेली. दोन्ही बाजूंना काढणीला आलेली ज्वारी होती. वळसंगात विचारत विचारत घर सापडलं. दारात चंद्रव्वा, विरुपाक्षांची बायको, शेंगा फोडत बसली होती. तिने धम्मप्रियाला ओळखलं नाही, पण बेंगळुरू म्हटल्यावर उठून आत घेतलं, सतरंजी टाकली, तांब्या-पेला आणून ठेवला. पाणी कशातून दिलं हे आपण पाहिलं, हे धम्मप्रियाला कळलं, आणि अजून आपण ते पाहतो याची खंतही वाटली. विरुपाक्ष मळ्यातून आले ते नुसत्या बनियनवर, खांद्यावर टॉवेल. म्हातारे झाले होते. तिला पाहून त्यांनी घाईघाईने भिंतीवरचा सदरा अंगात घातला आणि कॉलरचं बटणही लावलं, जणू ती प्रयोगशाळेतून आली होती.

बराच वेळ ते आडून आडूनच बोलले. पाणी, ऊस, गुडघे. बेंगळुरूच्या कारखान्यात आता नवीन यंत्र आलंय म्हणे, असं ते म्हणाले. हेलियम वाया जात नाही, सगळा परत धरतात. मग तिने मोबाइल काढून मेल दाखवली, मराठीत सांगितली. न्यूट्रॉन म्हटल्यावर त्यांचे डोळे बारीक झाले. किती निघालं, त्यांनी विचारलं. सव्वादोन. ते मोबाइलकडे बघत राहिले, वाचता येत नसलेल्या अक्षरांकडे, आणि मग त्यांनी तो हळूच सतरंजीवर उलटा ठेवला.

“सेन्सर चांगला हुता तायी,” ते म्हणाले.

तिने मोबाइल उचलून मांडीवर घेतला.

“मीच लावल्याला. ढिला न्हवता. सर म्हणाले पुना मोजू, म्हंजी कारखाना बंद करता आला नसता, आट दिवस मला हलता आलं नसतं. लेकीचं, गौरम्माचं, पयलं बाळातपण हुतं. हिचा फोन आल्ता, लवकर या म्हणून. तोंडातनं निगून गेलं. वाटलं, म्होरल्या टायमाला मोजत्याल की, दिसंल तवा दिसंल. मंग तुमी गेला ते परत कामाला आलाच न्हाय.”

चंद्रव्वा आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. धम्मप्रियाने विचारलं, गौरम्माचं नीट झालं ना सगळं. विरुपाक्ष हसल्यासारखं करून म्हणाले, नीटच झालं. मी जाऊन तरी काय केलं, दवाखान्याच्या पायरीवर बसलो. मी नसतो तरी झालंच असतं. हे ते इतक्या सरळपणे म्हणाले की तिला त्यांचा हात धरावासा वाटला आणि त्याच वेळी उठून निघून जावंसं वाटलं. अंगणात एक मुलगी सायकलच्या टायरला काठी मारत गोल फिरत होती, नऊ वर्षांची असेल. सुकन्या, गौरम्माची, ते म्हणाले. धम्मप्रियाने त्या मुलीकडे पाहिलं. तिचे दात पुढे होते आणि फ्रॉकचा पट्टा सुटला होता. तिच्यावर कसला राग धरणार? आणि म्हाताऱ्यावर राग येईल असं तिला वाटलं होतं, रस्ताभर ती त्याची तयारीही करत आली होती, हे आता तिच्या लक्षात आलं, पण तो येत नव्हता. त्याच्या जागी दुसरंच काही येऊ लागलं होतं. सरांच्या खोलीतली ती सकाळ. विरुपाक्ष म्हणाले सोल्डर ढिलं झालंय, सरांनी मान हलवली, आणि मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं होतं. नुसतं नाही, विचारत पाहिलं होतं. ४.११ हा आकडा तिच्या हातातल्या वहीत होता. वही उघडून पुढे करायची, एवढंच होतं. तिने पर्सचा बंद घट्ट धरला, आत तिकीट होतं, आणि ती म्हणाली, हो सर, असेल. पुन्हा मोजायचं ठरलं असतं तर तिलाही राहावं लागलं असतं. बाबांचं तोंड वाकडं झालेलं, ते तिचं नाव घेतात पण घेता येत नाही, असं आई फोनवर म्हणाली होती. दोघांनाही घरी जायचं होतं. त्या खोलीत दोन सोलापूरकर उभे होते आणि दोघांनाही घरी जायचं होतं, इतकंच ते होतं.

तिने ते विरुपाक्षांना सांगितलं. मलाही ठाऊक होतं, ती म्हणाली, माझ्या वहीत होतं. मग त्यांनी विचारलं की आता ते लोक काय करतील. तिने सांगितलं की काही नाही, एक ओळ लिहितील. त्यांनी मान हलवली. निघताना चंद्रव्वाने पिशवीत शेंगा घातल्या. विरुपाक्ष रस्त्यापर्यंत आले, स्कूटर सुरू झाल्यावर काहीतरी म्हणाले, तिला ऐकू आलं नाही, तिने इंजिन बंद केलं. ते म्हणाले, “त्या दिवशी लई सुरेख दिसल्तं तायी. सा ठिपके.” त्यांनी बोटाने हवेत ते सहा ठिपके वर चढवून दाखवले, आणि उतरवले. बोट किंचित थरथरत होतं.

कुंभारीपर्यंत तिला रस्ता दिसला तो दिसण्यापुरता. आई, येसूबाई, उंबऱ्यावर बसून सुपात ज्वारी पाखडत होती. विड्या वळणं तिने तीन वर्षांपूर्वी सोडलं, पण बोटं अजून रिकामी राहायला तयार नसायची. धम्मप्रिया आत जाऊन पाणी प्यायली, बाबांच्या खाटेच्या जागी आता ठेवलेल्या टेबलाला टेकून उभी राहिली. त्या खाटेवर ते चार वर्षं होते. दुसऱ्या वर्षी त्यांना तिचं नाव नीट घेता येऊ लागलं होतं; ते ऐकायला ती होती, हे खरं होतं, ते कशानेही खोटं होणार नव्हतं. तिने मोबाइल काढला आणि उभ्याउभ्याच इंग्रजीत उत्तर लिहिलं. तापमापी बरोबर होती. त्या दिवशी हेलियमच्या उत्कलनबिंदूला तिने ४.११ दाखवलं होतं, आमच्या उंचीवर तेवढंच असायला हवं. त्या पानाचा फोटो उद्या पाठवते. सेन्सर श्री. विरुपाक्ष यांनी बसवला होता, त्यांचंही नाव लिहावं. शेवटची ओळ तिने तीनदा खोडली. मला खात्री होती, असं तिने लिहिलं, आणि तसंच ठेवलं. पाठवल्यावर हलकं वाटेल अशी तिची कल्पना होती. तसं झालं नाही. त्या पंपांचा घरघराट, खिडकीतलं बेंगळुरूचं मऊ ऊन, टेबलाची कड, सगळं इतकं जवळ आलं की हात पुढे केला तर लागेल, आणि ते तिचं नव्हतं. न्यूट्रॉनचा झोत दुसऱ्यांनी सोडला होता, थर दुसऱ्यांनी मोजले होते. क्रम कसा वळत वळत जातो ते आता ती वाचणार होती, इतरांसारखीच.

ती बाहेर आली. आईने तोंडाकडे पाहून ओळखलं आणि विचारलं, काय झालं. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं, अणू आणि थर वगळून : तिकडे असताना आपल्याला एक गोष्ट सापडली होती, ती खोटी म्हणून सोडून दिली, ती खरी निघाली. येसूबाईचं सूप थांबलं.

“मंग आता बोलावत्यात व्हय तुला तिकडं?”

“न्हाय आई. त्यास्नी फकस्त बरोबर हुतं का त्ये पायजे हुतं.”

“काय सांगितलंस?”

“बरोबर हुतं म्हणून.”

येसूबाईने दोन-चार खडे वेचून बाजूला टाकले. समोरच्या रांगेत कुणाच्या तरी घरी टीव्ही चालू होता. मग तिने विचारलं, खाली बघतच. नऊ वर्षांत तिने कधी हे विचारलं नव्हतं.

“तुझा बा पडला तवा, मी फोन केला. तुला यायचं न्हवतं का गं?”

धम्मप्रियाच्या तोंडात लगेच उत्तर आलं होतं, तयार, मायेचं, आणि ते खरंही होतं. ते तिने गिळलं.

“यायचं बी हुतं,” ती म्हणाली. “ऱ्हायचं बी हुतं.”

येसूबाईने सूप खाली ठेवलं, लुगडं आवरून घेतलं आणि सरकून उंबऱ्यावर तिच्यासाठी जागा केली.